ईआरपी आलं, पण स्टोअरची वही कोणी विचारलीच नाही

बुटीबोरीकर (धागालेखक)

परवा धाकट्या मेहुण्याचा फोन आला. हिंगणा एमआयडीसीत तो जिथे कामाला आहे तिथे ईआरपी (खरेदी, स्टोअर, हिशेब सगळं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) घेऊन राहिले आहेत, आणि याला त्या प्रोजेक्टमध्ये टाकलंय. "भाऊजी, तुमच्याकडे झालंय ना, दोन गोष्टी सांगा." दोन गोष्टी सांगायला बसलो तर पाऊण तास गेला आणि मागून त्याची बायको तीनदा जेवायला बोलावून थकली. म्हणून उरलेलं इथे लिहितो. कंपनीचं, सॉफ्टवेअरचं, बसवून देणाऱ्यांचं नाव विचारू नका. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही गप्प राहावं ही विनंती.

आमचा धंदा फॅब्रिकेशन आणि गॅल्व्हनायझिंगचा. अँगल, चॅनल, प्लेट येते. कापायची, भोकं पाडायची, जस्तात बुडवायची, पाठवायची. जस्ताची केटल ४५० अंशांच्या आसपास ठेवावी लागते आणि ती रविवार पाहत नाही. मी प्लॅनिंगला होतो. हिशेब टॅलीत, प्लॅनिंग माझ्या एक्सेल शीटांत, आणि स्टोअर एका लाल कापडी पुठ्ठ्याच्या लांब वहीत. ती वही आमच्या स्टोअरच्या काकाजींची. वीस-बावीस वर्षं ते एकाच खुर्चीवर होते.

२०२२ च्या पावसाळ्यात वर्धा रोडवरच्या हॉटेलात डेमो झाला. डेमो नेहमी सायकलीचा असतो हे तेव्हा कळलं. एक फ्रेम, दोन चाकं, एक सीट. बटण दाबलं की सायकल तयार, स्टॉक वजा, बिल हातात. मालक खूश, छोटे साहेब त्याहून खूश. सायकलीला दोन चाकं लागतात, कधीही अडीच लागत नाहीत. आमच्या धंद्यात अडीच लागतात, हे त्या दिवशी कोणी बोललं नाही. मीसुद्धा नाही. जेवण चांगलं होतं.

आता वजनाचं नीट सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलं. ५० बाय ५० बाय ६ चा अँगल घ्या. तक्त्याप्रमाणे मीटरला ४.५ किलो. सहा मीटरची लेंथ २७ किलो, शंभर लेंथ २,७०० किलो. पण मिल काही तक्ता समोर ठेवून माल लाटत नाही. रोल झिजला की माल जड येतो, नवा असला की हलका. समजा धरमकाट्यावर (गाडीसकट वजन करायचा काटा) तेच शंभर नग २,६६० भरले. बिल २,६६० चं, आवक २,६६० ची. डिझाइनवाल्यांचा बीओएम (कोणत्या जॉबला किती माल लागतो त्याची यादी) मात्र तक्त्याच्या वजनावर. शंभर नग वापरले की सॉफ्टवेअर २,७०० वजा करणार. शिल्लक उणे ४०. कोणी चोरलं नाही, कोणी चुकलं नाही, आणि स्क्रीन लाल. माल जड आला तर उलटं. स्क्रीनवर ४० किलो शिल्लक, जमिनीवर काहीच नाही, आणि खरेदीवाला म्हणतो, माल आहे की, कशाला मागवून राहिले? त्यात कापून उरलेले तुकडे पुन्हा दुसऱ्या जॉबला लागतात. वरून जस्त चढल्यावर वजन वाढतं. काही गिऱ्हाइकं ब्लॅक, म्हणजे जस्त चढण्याआधीच्या वजनावर पैसे देतात, काही गॅल्व्हनाइज झालेल्या वजनावर.

हे सगळं काकाजींच्या वहीत होतं. गाडीगणिक नग, काट्याचं वजन, आणि शेवटच्या रकान्यात अधिक-उणे. कोणत्या मिलचा माल हलका येतो हे त्यांना तोंडपाठ. महिनाअखेरीला तो फरक ते भंगाराच्या वजनात जुळवून टाकत. कन्सल्टंटने पहिल्याच मीटिंगमध्ये विचारलं होतं, "फिजिकल स्टॉक आणि बुक स्टॉक मॅच होतो?" सगळे म्हणाले, होतो. खोटं नव्हतं ते. होत होता, कारण काकाजी करत होते.

काकाजी त्या मीटिंगला होते, फक्त पहिल्या. दोन तास इंग्रजी स्लाइडी पाहिल्या, चहा घेतला. मग "काकाजी, आपको बाद में बुलाएंगे" असं सांगून परत पाठवलं. ते "बाद में" एप्रिलात आलं.

तारीख ठरली १ एप्रिल २०२३. का, तर नवीन वर्ष. मोजणी ३० मार्चपासून. ३० तारखेला रामनवमी! नागपुरात रामनवमीला पोद्दारेश्वर मंदिराची शोभायात्रा सोडून अँगल मोजायला कोण येतं? एका दिवसाची मोजणी बुडाली. उरलेल्या एका दिवसात मार्च-एंडच्या गाड्या भरता भरता एका हाताने मोजणी. यार्डातला माल मोजला. बाहेर बेंडिंगला, थ्रेडिंगला गेलेला माल ओपनिंग स्टॉकमध्ये घ्यायचा कोणाला आठवलाच नाही.

शनिवारी १ तारीख. "एप्रिल फूल" म्हणून दिवसभर हसलो. सोमवारी हसू गेलं. माल यार्डात डोळ्यांसमोर उभा, चकाकतोय, आणि स्क्रीन म्हणते स्टॉक नाही, बिल बनणार नाही. ज्यांचा स्टॉक होता त्यांचं ई-इनव्हॉइस पोर्टलवरून परत येत होतं, कारण जुन्या यादीतून उचललेल्या गिऱ्हाइकांच्या पत्त्यात पिनकोडच नव्हते. मंगळवारी संध्याकाळी गेटबाहेर अकरा गाड्या. ड्रायव्हर लोकांनी गाडीखाली सावलीत स्टोव्ह पेटवून भात टाकला. उन्हाचं नागपूरकरांना सांगायला नको.

मग छोट्या साहेबांनी ओरडून ती फेमस टिक मारून घेतली: निगेटिव्ह स्टॉक चालेल. "तात्पुरती." गाड्या सुटल्या. टिक सहा महिने तशीच.

आज ते सॉफ्टवेअर चालतं, बरं चालतं. पण मेहुण्याला मी मॉड्यूल, सर्व्हर, लायसन्स यातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, तुमच्याकडे वही कोणाची आहे ते आधी शोध.

तुमचे अनुभव लिहा. शिव्या चालतील, नावं नकोत.

---

तर्री_जास्त

पहिला! वाचून राहिलो होतो ऑफिसमध्ये, सायकलवर इतका हसलो की शेजारचा उठून आला. आमच्याकडे डेमो पेनचा होता. एक रिफिल, एक टोपण. आम्ही मसाले बनवतो. मिरचीचा ओलावा वखारीत तीन महिन्यांत किती उडतो ते त्या पेनाला काय माहीत.

---

बाडबिस्तरा (सध्या मुक्काम हैदराबाद, घर प्रतापनगर)

मी त्या दुसऱ्या बाजूचा. चौदा वर्षं हेच काम करतो, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

तुमच्या वजनाच्या दुखण्यावर औषध नवं नाही. नग आणि किलो अशी दोन्ही मापं एकाच मालाला लावता येतात, आणि प्रत्येक लॉटचं नगाला किती किलो हे वेगळं ठेवता येतं. पोलाद, कापड, मांस, चीज, सगळीकडे हा प्रश्न आहे. पण त्याला काम वाढतं, म्हणून कोटेशनमध्ये ती वेगळी ओळ असते. आणि भाव तोडताना पहिली कात्री त्या ओळीवर चालते. ती कात्री कोणी चालवली ते तुमच्या छोट्या साहेबांना विचारा. आम्ही विचारतो, "वजनात फरक येतो का?" समोरून उत्तर, "नाही, आमचं सगळं सिस्टिमॅटिक आहे." मालकासमोर दुसरं उत्तर देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आपली जुनी सवय आणि सॉफ्टवेअरची रीत यांची टक्कर मोठ्यांकडेही होते. जर्मनीच्या लिडल या किराणा साखळीने २०११ मध्ये सुरू केलेला प्रकल्प २०१८ मध्ये गुंडाळला. खर्च सुमारे ५० कोटी युरो झाल्याच्या बातम्या होत्या. एक मोठं कारण असं सांगितलं गेलं की ते स्टॉकची किंमत खरेदीभावाने धरत, सॉफ्टवेअरची ठरलेली पद्धत विक्रीभावाची. त्यांनी सवय बदलली नाही, सॉफ्टवेअर बदलत बसले. म्हणजे त्यांच्याकडे पण एक वही होती, फक्त लाल पुठ्ठ्याची नसेल.

आणि तारखेचं. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीने १९९९ च्या जुलैत तीन नवीन सिस्टिमा एकदम चालू केल्या. हॅलोविनच्या गोळ्या-चॉकलेटांच्या ऑर्डरी येण्याचा तोच हंगाम. दुकानांना माल वेळेत पोचला नाही. तुमचा मार्च-एंड आणि त्यांचं हॅलोविन, मला फार फरक दिसत नाही.

एक मात्र कबूल. विकायला येतो तो माणूस वेगळा आणि बसवायला येतो तो वेगळा. केस पिकलेला हॉटेलात दिसतो, कारखान्यात कॉलेजातून आलेली पोरं येतात. मीही तसाच आलो होतो एकेकाळी. पहिल्या साइटवर धरमकाटा म्हणजे काय ते गेटवरच्या वॉचमनने शिकवलं.

---

ताळेबंद

सीए आहे, धरमपेठेत बसते. दोन ठिकाणी माझे कान उभे राहिले.

१ एप्रिल २०२३ ही तारीख फक्त "नवीन वर्ष" म्हणून आली नसणार. त्या दिवसापासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल सक्तीचा झाला, म्हणजे कोणी कोणती नोंद केव्हा बदलली याचा माग राहिलाच पाहिजे. दोनदा पुढे ढकलून तिसऱ्यांदा लागलेला नियम. त्या हिवाळ्यात त्याची भीती घालून बरंच काही विकलं गेलं. एडिट लॉगची सोय टॅलीतही होती. त्या एका कारणासाठी अख्खा कारखाना १ तारखेला उलटा टांगायची काही गरज नव्हती. हिशेब १ एप्रिलला हलवा, स्टोअर जुलैत हलवा, कोणी अडवलं नव्हतं.

दुसरं, ती निगेटिव्हची टिक. स्टॉक उणे गेल्यावर सॉफ्टवेअर सरासरी भाव कसा काढतं ते एकदा बसून पाहा. उणे ४० वर पुढच्या खरेदीची आवक पडली की भाव असा काही उडतो की अँगल चांदीचा वाटतो. माझ्या एका अशिलाकडे (तुमची कंपनी नाही, घाबरू नका) सहामाहीला नफा फुगला होता. मालक पेढे वाटायच्या बेतात होते. आम्ही जाऊन सांगितलं, हा नफा टिकचा आहे.

आणि जॉबवर्क, म्हणजे बाहेर कामाला पाठवलेला माल, विसरणं म्हणजे कहर. बाहेर गेलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यायला हवा किंवा तिथूनच विकला गेला पाहिजे, जीएसटीचं कलम १४३. नाहीतर ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरून कर लागतो, वर व्याज. तुमच्या ओपनिंगमध्ये तो मालच नव्हता, तर आयटीसी-०४ (जॉबवर्कच्या मालाचा जीएसटी फॉर्म) कशावरून भरला?

---

बुटीबोरीकर (धागालेखक)

ताई, काकाजींच्या वहीवरून. जॉबवर्कच्या चलनाला ते अजून "सत्तावन एफ चार" म्हणतात. तो एक्साइजचा नियम केव्हाच गेला, नाव राहिलं. शेवटची पंधरा पानं त्यांनी बाहेरच्या मालाला ठेवलेली. चलन नंबर, पार्टी, नग, परत आले की उभी रेघ. ती पानं आम्ही मे महिन्यात तीन रात्री बसून सिस्टिममध्ये भरली.

---

मुनीम_इतवारी

आमचं होलसेलचं दुकान. टॅली आणि एक पोरगा. पोरगा सुटीवर गेला की आमचं ईआरपी बंद. बाकी चालू द्या, मजा येऊन राहिली आहे.

---

गेटपास

मी स्टोअरवाला आहो. कळमेश्वर साइडला. लिहिता येते तसं लिहितो, हसू नका.

तुम्ही सगळे मोठे लोक बोलून राहिले, आता खालचं ऐका. आमच्याकडं ट्रेनिंग झालं ते एक दिवस, तेबी एसी हॉलमंदी. रोज स्टोअरमंदी हातात ग्रीस, अंगात पाणी, समोर ऑपरेटर ओरडून राहिला "बोल्ट दे लवकर, लाइन बंद आहे". तवा सात स्क्रीन कोण उघडते? आधी बोल्ट देतो, मंग संध्याकाळी आठवून आठवून भरतो. आठवते तेवढंच भरते.

लॉगिन एक दिलं, शिफ्ट तीन. रात्रीचा पोरगा माझ्याच नावानं भरते. एक दिवस ऑडिटवाल्यानं मले विचारलं, रात्री अडीच वाजता तुम्ही हे काहून कॅन्सल केलं? मी म्हटलं साहेब, अडीच वाजता मी घरी झोपून होतो, बायकोले विचारा.

आणिक नावं. सोळाचा बोल्ट सिस्टिममंदी पाच नावानं आहे. बोल्ट एम १६, हेक्स बोल्ट १६, एम १६ बाय ४५, १६ एमएम बोल्ट, आणिक एकाचं स्पेलिंगच चुकलं. ज्याले जे सापडलं त्यानं त्याच्यात टाकलं. म्हणून एका नावात स्टॉक हजार, दुसऱ्यात उणे नऊशे. मी सांगून राहिलो होतो की नावं मले ठरवू द्या, मी रोज हाताळतो. तर म्हणे मास्टर डेटा आयटीवाले बनवतील. आयटीवाल्या पोरानं बोल्ट आणि स्क्रूमंदला फरक मलेच विचारला, लाइव्ह झाल्यावर.

तुमचे काकाजी महिनाअखेरी भंगारात जुळवत होते, बरोबर? आमच्यातबी जुळवतात. ते कोणी हौसेनं करत नाही. फरक दाखवला की पहिला संशय स्टोअरवाल्यावरच येते. म्हणून तो बोलत नाही. हे लिहून ठेवा.

---

बाडबिस्तरा

गेटपास भाऊ, तुमचा प्रतिसाद मी आमच्या टीमच्या ग्रुपवर टाकू का? नाव नाही, फक्त मजकूर. "काहून कॅन्सल केलं" तर फ्रेम करून लावायला हवं.

---

गेटपास

टाका. पण त्याइले म्हणा स्कॅनर द्या. एक बारकोड स्कॅनर दिला असता तर अर्ध्या शिव्या वाचल्या असत्या.

---

तर्री_जास्त

(अवांतर) आमच्या पॅकिंगच्या पोरांनी त्या वर्षी ईआरपीचा बडग्या (नागपूरच्या मारबत मिरवणुकीतला पुतळा) बनवला होता. खोक्याचं डोकं, पोटावर लाल अक्षरात एरर. कंपनीच्या गेटपासून नाक्यापर्यंत मिरवला, "घेऊन जा गे मारबत" म्हणत. एचआरची मॅडम खाली आली, आम्हाला वाटलं आता मेमो मिळते. तिने व्हिडिओ काढला.

---

शंकासुर

धागालेखक, एक विचारतो, राग मानू नका. गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टिम खरोखर चालू करण्याच्या आधी टेस्टिंग झालं असेलच ना? त्यावर की-यूजरची (कंपनीतल्या वापरणाऱ्या माणसाची) सही लागते. शंभर नगांचा अँगल एकदा जरी आवक ते बिल असा चालवून पाहिला असता तर उणे ४० तिथेच दिसलं असतं. मग सही कोणाची होती?

---

बुटीबोरीकर (धागालेखक)

माझी.

हे मूळ धाग्यात लिहिलं नाही, मुद्दाम गाळलं. आता विचारलंच आहे तर लिहितो. टेस्टची लांबलचक यादी होती, प्रत्येकापुढे चौकट. मार्चचा दुसरा आठवडा, डिस्पॅच टारगेट डोक्यावर. सुरुवातीच्या काही टेस्ट मी नीट केल्या. त्यात वजनाचा फरक येऊ नये म्हणून मीच गोल आकडे टाकले होते, दहा नग, १०० किलो, सगळं छान जुळतं. बाकीच्यांवर एका संध्याकाळी बसून टिका मारल्या. कन्सल्टंटचा पोरगा शेजारीच होता, त्यालाही बसमध्ये बसायची घाई. दोघांनी सह्या केल्या. छोटे साहेब म्हणाले, शाबास, वेळेत झालं.

एप्रिलात गेटवर अकरा गाड्या उभ्या होत्या तेव्हा मीटिंगमध्ये सगळ्यांनी बोट दाखवलं ते काकाजींकडे. स्टोअरचा डेटा चुकीचा, मोजणी चुकीची. मी समोर बसून होतो. काही बोललो नाही. काकाजी उठले, वही आणली, टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कोणता लॉट पाहिजे सांगा." एकेक लॉट काढून दाखवला. काट्याचं वजन, नग, फरक. वीस मिनिटांत कन्सल्टंटच्या वरच्या साहेबांना कळलं की गडबड कुठे आहे. त्यांनीच शेवटी लॉटप्रमाणे नगाला किलो ही सोय बसवून दिली, ऑगस्टात, जादा पैसे घेऊन. आधी घेतली असती तर त्याहून कमीत झाली असती.

काकाजींना मी हे त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सांगितलं, सहीचं. ते म्हणाले, "माहीत होतं. कागद मीच फाइलला लावला होता."

---

ताळेबंद

🙏

---

शंकासुर

राग मानला नाहीत, आभारी आहे. प्रश्न टोचायला विचारला नव्हता. आमच्याकडे तसलीच सही माझी आहे.

---

मुनीम_इतवारी

काकाजी आता काय करतात?

---

बुटीबोरीकर (धागालेखक)

रिटायर झाले. पण मंगळवार आणि शुक्रवारी येतात, कंपनीने बोलावलंय. नवीन पोरगा सिस्टिममध्ये आवक भरतो, हे शेजारी बसून वहीत लिहितात. मी म्हटलं, काकाजी आता सगळं त्यात आहे, वही कशाला? तर म्हणाले, त्याचं चुकलं तर मी सांगीन, माझं चुकलं तर ते सांगेल.

---

हिंगणेकर_नवा

भाऊजी, मीच तो मेहुणा. अख्खा धागा वाचला. सोमवारी आमच्या प्रोजेक्ट मीटिंगमध्ये विचारलं, वही कोणाची आहे. सगळे एकमेकांकडे पाहून राहिले. शेवटी वॉचमन म्हणाला, स्टोअरचे बाबूजी होते, मागच्या दिवाळीला रिटायर झाले, वह्या घरी घेऊन गेले. मानेवाड्याला राहतात म्हणे. आमची गो-लाइव्ह १ ऑक्टोबरची ठरली आहे. जाऊ का त्यांच्याकडे? जाताना कोणी ओळखीचं सोबत घ्यावं का?

---

गेटपास

जा. कोणाले सोबत नको नेऊ, साहेबाले तर बिलकुल नको. संत्रा बर्फी ने पावभर. दुपारी नको जाऊ, झोपलेले असतात. पाचच्या पुढं जा, चहाच्या टायमाले. आणि पहिल्या दिवशी वही मागू नको.